इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला धाडलेल्या कैद्याचा माग कसा काढायचा

१८३० च्या सुमाराला इंग्लंडमधल्या एखाद्या खेड्यात दोन भाऊ होते असं धरू. दोघंही शेतमजूर. थोरला जन्मभर सरळ वागला. त्याच्याबद्दल आज पॅरिशच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, वह्यांत तीन ओळी मिळतील: बाप्तिस्मा, लग्न आणि दफन. धाकट्याने मेंढी चोरली आणि तो जहाजात बसून ऑस्ट्रेलियाला गेला. त्याची उंची, डोळ्यांचा रंग, चेहऱ्यावरचे देवीचे व्रण, दंडावर गोंदलेली अक्षरं, लिहिता-वाचता येत होतं की नाही, कुणाकडे राबला, कितीदा दारू पिऊन सापडला, सगळं लिहून ठेवलेलं आहे.

गंमत अशी की यातलं काहीही त्याची आठवण राहावी म्हणून लिहिलेलं नाही. माणूस पळाला तर ओळखता यावा, मेला तर त्याचा शिधा बंद करता यावा, शिक्षा संपली की नाही हे कळावं, एवढ्यासाठी ही लेखणी झिजली. म्हणून कोणताही कागद समोर आला की तो कुणी आणि कशासाठी लिहिला हे आधी बघायचं. माणसाने सरकारला खरं सांगितलं असेल असं गृहीत धरून चाललेले पुष्कळ शोध भलत्याच घरात जाऊन पोचतात.

१७८८ ते १८६८ या ऐंशी वर्षांत एक लाख साठ हजारांहून जास्त कैदी ब्रिटन आणि आयर्लंडमधून ऑस्ट्रेलियाला गेले. त्यात साधारण पंचवीस हजार बायका होत्या. आज मेलबर्न-सिडनीतल्या बऱ्याच मराठी घरांत सून किंवा जावई ऑस्ट्रेलियन आहे आणि नातवंडांची वंशावळ करायला बसलं की एका फांदीवर हमखास असा एखादा कैदी भेटतो. आपल्याकडे ‘काळं पाणी’ म्हटलं की अंदमान डोळ्यांपुढे येतं. पण अंदमानची वसाहत १८५८ ची, आणि तोवर इंग्रज सरकार स्वतःच्याच माणसांना समुद्रापार टाकण्यात चांगलं मुरलेलं होतं.

शोध मृत्यूपासून सुरू करा

पहिला मोह इंग्लंडपासून सुरुवात करण्याचा होतो. तो आवरा. जॉन स्मिथ इंग्लंडमध्ये हजारो होते. तुमचा जॉन स्मिथ कोणता, हे ऑस्ट्रेलियातल्या शेवटच्या कागदावरून ठरतं. आजी, पणजी, खापरपणजोबा असं एकेक पिढी दाखल्यानिशी मागे जायचं आणि जो माणूस ऑस्ट्रेलियात जन्मलेला नाही, त्याच्या मृत्यूच्या दाखल्याशी थांबायचं.

इथे वसाहत महत्त्वाची. न्यू साउथ वेल्समध्ये सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी १८५६ ला सुरू झाली, व्हिक्टोरियात १८५३ ला. या दोन्ही ठिकाणचे मृत्यूचे दाखले म्हणजे खजिना: आईबापांची नावं, जन्मगाव, लग्न कुठे आणि कुणाशी, मुलांची नावं, आणि वसाहतीत येऊन किती वर्षं झाली होती तेसुद्धा. मृत्यूच्या वर्षातून हा आकडा वजा केला की येण्याचं साल अंदाजे हाती लागतं. टास्मानियाची नोंदणी १८३८ पासूनची, म्हणजे जुनी, पण तिथला त्या काळचा मृत्यूचा दाखला अगदी कोरडा. नाव, वय, धंदा, कारण. आईबाप नाहीत, मुलं नाहीत.

आणि हे सगळं सांगणारा माणूस मेलेला नव्हता, हे विसरू नका. मुलाला किंवा शेजाऱ्याला जेवढं ठाऊक, तेवढं त्याने सांगितलं. बापाने कैदी असल्याचं आयुष्यभर दडवलं असेल तर मुलगा बिचारा कुठून सांगणार? ‘वसाहतीत ४० वर्षं’ असं गोल आकड्यात लिहिलेलं दिसलं, तर ३५ ते ४५ असं वाचा.

मग कोणत्या किनाऱ्यावर उतरला ते ठरवायचं. न्यू साउथ वेल्समध्ये कैदी १७८८ पासून १८४० पर्यंत येत होते. त्यानंतर १८४९ मधल्या थोड्या जहाजांचा अपवाद. व्हॅन डायमेन्स लँड, म्हणजे १८५६ पासूनचं टास्मानिया, इथे १८५३ पर्यंत. पश्चिम ऑस्ट्रेलियात १८५० ते १८६८, आणि तिथे फक्त पुरुष. १८६० साली उतरलेला इंग्लिश कैदी सिडनीच्या दप्तरात शोधणं म्हणजे वेळ वाया घालवणं. ब्रिस्बेनजवळचं मोरेटन बे आणि आजचं व्हिक्टोरिया हे त्या काळी न्यू साउथ वेल्सचेच भाग होते, त्यामुळे तिथल्या लोकांचे बरेचसे कागद सिडनीत आहेत.

जहाज सापडलं की अर्धं काम झालं

कैद्याची खरी ओळख नावाने होत नाही. खटल्याचं ठिकाण, खटल्याची तारीख आणि जहाज, या तिघांनी होते. वसाहतीतल्या कारकुनांनीही दोन जॉन स्मिथ असेच वेगळे ओळखले. सुरुवातीपासून ही तीन खुणांची चौकट वहीच्या डोक्यावर लिहून ठेवा आणि जो कागद तिच्याशी जुळत नाही तो बाजूला ठेवा, कितीही रंजक असला तरी.

जहाजासाठी मुख्य दस्तऐवज म्हणजे लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमधल्या हद्दपारीच्या नोंदवह्या, मालिका एच.ओ. ११ (एच.ओ. म्हणजे होम ऑफिस, ब्रिटनचं गृहखातं). जहाजागणिक नावांची यादी, शिक्षा कुठे आणि कधी झाली, किती वर्षांची. वय नाही, गुन्हाही नाही. याच वह्यांवरून क्वीन्सलँडच्या राज्य ग्रंथालयाने विनामूल्य शोधसूची केली आहे. तिच्यात सव्वा लाखाच्या आसपास नावं आहेत, म्हणजे सगळी नाहीत. नाव न सापडल्यास ‘तो कैदी नव्हताच’ असा निष्कर्ष काढू नका.

नाव टाकताना स्पेलिंगचा आग्रह सोडा. माणूस बहुधा निरक्षर, कारकून लंडनचा आणि उच्चार यॉर्कशायरचा किंवा कॉर्नवॉलचा. जसं ऐकू आलं तसं लिहिलं. आद्याक्षर बदलतं, एच गळतो, शेवटचा ई कधी असतो कधी नसतो. आडनावाऐवजी जहाज आणि खटल्याचा जिल्हा टाकून यादी काढली आणि डोळ्यांनी चाळली तर पुष्कळदा लवकर सापडतं.

जहाजाच्या नावाबरोबर साल लिहिल्याशिवाय राहू नका. एकच जहाज कैदी घेऊन अनेकदा यायचं. ‘सरी’ हे तर १८१४ पासून पुढची पंचवीसहून जास्त वर्षं फेऱ्या मारत होतं. ‘सरीवरून आला’ एवढ्यावर काहीही ठरत नाही.

नोंदवहीत नाव नसण्याचं एक कारण आपल्या इकडचं आहे. हिंदुस्थानात लष्करी न्यायालयात दोषी ठरलेल्या गोऱ्या सैनिकांनाही ऑस्ट्रेलियाला पाठवलं जाई. असा माणूस इंग्लंडहून निघालेल्या जहाजांच्या यादीत शोधून उपयोग नाही. त्याच्यासाठी ब्रिटिश युद्ध खात्याच्या कोर्टमार्शलच्या वह्या उघडाव्या लागतात. घराण्यात ‘खापरपणजोबा इंडियात शिपाई होते’ अशी गोष्ट सांगत असतील तर हा धागा आधी तपासा.

इंग्लंडमधला खटला

आता मागे इंग्लंडला जायचं. लंडन आणि मिडलसेक्सचा कैदी असेल तर नशीब चांगलं. ओल्ड बेली या लंडनच्या फौजदारी न्यायालयातल्या खटल्यांचे १६७४ ते १९१३ पर्यंतचे छापील वृत्तान्त इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. फिर्यादी काय म्हणाला, साक्षीदार कोण, आरोपीने काय बचाव केला, हे कधी दोन ओळींत तर कधी दोन पानांत. डिजिटल पॅनॉप्टिकॉन या प्रकल्पाने ओल्ड बेलीत शिक्षा झालेल्या सुमारे नव्वद हजार लोकांचे इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियातले कागद एकमेकांना जोडून दिले आहेत. जोडणी संगणकाने केलेली आहे, तेव्हा प्रत्येक दुवा स्वतः तपासा.

विल्यम कफेचं उदाहरण घेऊ, कारण त्याचे कागद दोन्ही टोकांना भक्कम आहेत. चॅटमला १७८८ मध्ये जन्मलेला हा ठेंगणा शिंपी. त्याचे वडील कॅरिबियनमधल्या सेंट किट्सहून आलेले, पूर्वी गुलाम असलेले. कफे कामगारांना मताचा हक्क मागणाऱ्या चार्टिस्ट चळवळीत लंडनचा पुढारी झाला आणि १८४८ मध्ये राणीविरुद्ध बंडाचा कट केल्याबद्दल ओल्ड बेलीत त्याला जन्मभर हद्दपारीची शिक्षा झाली. खटला छापील वृत्तान्तात आहे. १८४९ मध्ये ‘ॲडलेड’ या जहाजाने तो होबार्टला पोचला. त्याच्या आडनावाची शेवटची अक्षरं मात्र वेगवेगळ्या कागदांवर वेगवेगळी आहेत. एवढ्या गाजलेल्या माणसाची ही गत, तर बाकीच्यांचं काय सांगावं!

वृत्तान्त वाचताना चोरलेल्या मालाच्या किमतीकडे बघा. राहत्या घरातून चाळीस शिलिंग किंवा त्याहून जास्त किमतीची चोरी केली तर फाशी, असा कायदा १८२७ पर्यंत होता. ज्यूरींना हे पटत नसे. मग उघड उघड महागडा माल ‘३९ शिलिंगांचा’ ठरवला जाई आणि माणूस फासाऐवजी जहाजावर जाई. ३९ हा आकडा दिसला की कुणीतरी त्याचा जीव वाचवला आहे, असं समजा. मालाची खरी किंमत त्यावरून काढू नका.

लंडनबाहेरचा कैदी असेल तर काम वाढतं. मोठे गुन्हे असायझेस न्यायालयात, फिरत्या न्यायाधीशांपुढे चालत. त्यांचे कागद लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये. लहानसहान चोऱ्या जिल्ह्याच्या क्वार्टर सेशन्समध्ये चालत, त्यांचे कागद त्या त्या काउंटीच्या दप्तरखान्यात. कोणतं न्यायालय ते कळलं नाही तर एच.ओ. २७ ही गुन्हेगारांची नोंदवही उघडा. १८०५ ते १८९२, काउंटीवार, गुन्हा आणि शिक्षा दोन्ही दिलेले. लंडन-मिडलसेक्ससाठी १७९१ पासून १८४९ पर्यंत वेगळी एच.ओ. २६ मालिका आहे. असायझेसच्या बऱ्याच नोंदींत साक्षी नाहीतच, नुसता आरोप आणि निकाल. हकिगत हवी असेल तर त्या आठवड्याचं स्थानिक वर्तमानपत्र शोधा.

माझ्या मते सगळ्यात मोलाची, आणि घाईत सगळ्यात जास्त राहून जाणारी गोष्ट म्हणजे दयेचे अर्ज. एच.ओ. १७ (१८१९ ते १८३९) आणि एच.ओ. १८ (१८३९ ते १८५४) या मालिकांत ते आहेत आणि एच.ओ. १९ ही त्यांची नोंदवही. त्यांत बायको मुलांची नावं आणि वयं लिहिते, पॅरिशचा पाद्री ‘घराणं चांगलं आहे’ म्हणतो, जुना मालक सही करतो, कधीकधी ज्याची चोरी झाली तोच कैद्याला माफी द्या म्हणतो. एरवी कुठेही न सापडणारं अख्खं शेजार एका कागदावर सह्यांसकट भेटतं. बहुतेक अर्ज फेटाळलेच जात. १८३४ मध्ये टॉलपडलच्या सहा शेतमजुरांना बेकायदा शपथ दिल्याबद्दल सात वर्षांची हद्दपारी झाली तेव्हा लाखो सह्या गोळा झाल्या आणि १८३६ मध्ये त्यांना माफी मिळाली. पण अशी उदाहरणं थोडी. अर्ज फेटाळला गेला म्हणून तो संशोधकाला कमी उपयोगाचा होत नाही.

हल्क आणि प्रवास

शिक्षा झाली म्हणजे माणूस ऑस्ट्रेलियाला गेलाच असं नाही. हद्दपारीची शिक्षा झालेले पुष्कळ जण कधी निघालेच नाहीत. वय झालेलं, आजारी, किंवा माफी मिळालेली. कैद्यांना अमेरिकेत धाडायची वाट बंद झाल्यावर १७७६ पासून जुन्या, शिडं उतरवलेल्या जहाजांचे तुरुंग केले होते. त्यांना हल्क म्हणत. वुलिच, पोर्ट्समथ, चॅटम, शीअरनेस इथे ती उभी असत. त्यांच्या नोंदवह्या एच.ओ. ९ मध्ये आणि १८२४ पासूनचे तिमाही तक्ते एच.ओ. ८ मध्ये आहेत. शेवटच्या रकान्यात माणसाचं काय झालं ते लिहिलेलं असतं: अमक्या जहाजावर चढवला, सुटला, मेला. इथे ‘मेला’ असेल आणि ऑस्ट्रेलियात त्याच नावाचा माणूस असेल तर तो तुमचा नव्हे.

प्रवासासाठी जहाजावरच्या सर्जनची रोजनिशी बघा (नौदल खात्याची मालिका एडीएम १०१). ती का लिहिली जाऊ लागली याची कथा ऐकण्यासारखी आहे. १८१४ मध्ये ‘जनरल ह्युइट’, ‘थ्री बीज’ आणि ‘सरी’ या तीन जहाजांवर कैदी पटापट मेले. सिडनीचा डॉक्टर विल्यम रेडफर्न याने चौकशी करून हवा, स्वच्छता, अन्न यांबद्दल अहवाल दिला, आणि १८१५ पासून प्रत्येक जहाजावर सरकारला उत्तरदायी सर्जन नेमला जाऊ लागला. रेडफर्न स्वतः १७९७ च्या नौदलातल्या बंडाबद्दल शिक्षा होऊन आलेला होता. सगळ्या रोजनिश्या टिकलेल्या नाहीत. टिकल्या आहेत त्यांत आजाऱ्यांची नावं आणि उपचार आहेत. तुमचा माणूस धडधाकट असेल तर त्याचं नाव नसेलही, पण हवामान, बंदरं आणि जहाजावरची भांडणं कळतात.

न्यू साउथ वेल्समधले कागद

उतरल्याबरोबर इंडेंट, म्हणजे जहाजावरच्या कैद्यांची हजेरीयादी. सुरुवातीच्या इंडेंटमध्ये नाव, खटला आणि शिक्षा एवढंच. १८२० च्या दशकानंतरची इंडेंट भरगच्च आहेत: वय, धर्म, शिक्षण, लग्न झालेलं की नाही, मुलं किती, जन्मगाव, धंदा, गुन्हा, आधीच्या शिक्षा, अंगावरच्या खुणा. समासात नंतरच्या कारकुनांनी बारीक अक्षरांत केलेल्या नोंदी मुद्दाम वाचा. तिकिटाचे (शिक्षा संपण्याआधी स्वतःसाठी कमावण्याच्या परवान्याचे) आणि माफीचे नंबर तिथे असतात आणि पुढच्या वह्यांची किल्ली तीच.

मग मस्टर, म्हणजे सगळ्यांची शिरगणती. नोव्हेंबर १८२८ ची जनगणना ही तिथली पहिली खरी जनगणना. तिच्यात प्रत्येकाच्या नावापुढे तो कसा आला त्याची इंग्रजी आद्याक्षरं आहेत. बी.सी. म्हणजे वसाहतीत जन्मलेला, एफ.एस. शिक्षा भोगून सुटलेला, जी.एस. अजून सरकारचा कैदी, टी.एल. तिकिटावरचा. सी.एफ. म्हणजे स्वतंत्र नागरिक म्हणून आलेला. इथे सांभाळा, कारण दुसऱ्या वह्यांत हीच दोन अक्षरं सुटकेच्या दाखल्यासाठी येतात. कागद कोणता ते बघितल्याशिवाय अक्षरांचा अर्थ लावू नका.

आणि सांगितलेलं खरं मानू नका. मेरी रीबी हे नाव ऑस्ट्रेलियात राहणाऱ्यांच्या खिशात असतं, वीस डॉलरच्या नोटेवर तिचं चित्र आहे. लँकशरची ही मुलगी, माहेरचं नाव मॉली हेडॉक. कोवळ्या वयात मुलाचे कपडे घालून, जेम्स बरो असं नाव लावून घोडा चोरल्याबद्दल पकडली गेली. सात वर्षांची शिक्षा झाली आणि ऑक्टोबर १७९२ मध्ये ‘रॉयल ॲडमिरल’ जहाजाने सिडनीला आली. १७९४ मध्ये टॉमस रीबीशी लग्न केलं. १८११ मध्ये नवरा गेल्यावर मुलांचा गोतावळा सांभाळून गोदामं, जहाजं आणि जमिनी असा धंदा वाढवला. १८२० मध्ये मुलींना घेऊन इंग्लंडला गेली आणि पुढच्या वर्षी परतली. १८२८ च्या जनगणनेत बाईने काय सांगितलं? ‘स्वतंत्र म्हणून आले, १८२१.’ शब्दशः खोटं नाही, आणि खरंही नाही. नुसती जनगणना बघणाऱ्याला ती कैदी होती हे कधी कळलंच नसतं. एकाच बाईचे कागद तीन नावांखाली, त्यांतलं एक पुरुषाचं.

सुटकेच्या पायऱ्या समजून घ्या, कारण त्यांच्यावरून मधली वर्षं भरून काढता येतात. तिकीट ऑफ लीव्ह मिळालं की ठरलेल्या जिल्ह्यात राहून स्वतःसाठी कमावता येई. १८२० च्या दशकाच्या अखेरीच्या नियमांनुसार वर्तणूक चांगली असेल तर सात वर्षांच्या शिक्षेला साधारण चार वर्षांनी, चौदाला सहा वर्षांनी आणि जन्मठेपेला आठ वर्षांनी. तिकिटाला उशीर झालेला दिसला की मधे काहीतरी घडलं आहे, मॅजिस्ट्रेटच्या वह्या शोधा. सात किंवा चौदा वर्षं पुरी झाली की सुटकेचा दाखला. जन्मठेपवाल्याला तो नाही, त्याला माफीच लागे. सशर्त माफी असली तर ब्रिटनला परतायची बंदी, पूर्ण माफीत ती नाही. तिकीट, दाखला आणि माफी या तिन्हींच्या सूच्या न्यू साउथ वेल्सच्या राज्य अभिलेखागाराने इंटरनेटवर ठेवल्या आहेत. तिकिटावर आणि दाखल्यावर पुन्हा शरीराचं वर्णन असतं. ते इंडेंटमधल्या वर्णनाशी ताडून पाहा. माणूस तोच, याचा याहून चांगला पुरावा नाही.

१८१० ते १८२१ मधली माफी असेल तर ती लॅकलन मॅक्वारी या गव्हर्नरने दिलेली. हा गृहस्थ लष्करी अधिकारी म्हणून मुंबईत राहिलेला आणि त्याचं पहिलं लग्न १७९३ मध्ये मुंबईतच झालं होतं. सुटलेल्या कैद्यांना मानाने वागवावं असं त्याचं मत, त्यामुळे त्याच्या काळात माफ्या सढळ. वास्तुविशारद फ्रान्सिस ग्रीनवे बनावट दस्तऐवजाबद्दल ब्रिस्टलमध्ये दोषी ठरून १८१४ मध्ये आला आणि मॅक्वारीच्या हातून १८१७ मध्ये सशर्त, १८१९ मध्ये पूर्ण माफी घेऊन गेला. पुढे १९६६ ते १९९३ पर्यंत तो दहा डॉलरच्या नोटेवर होता. बनावट कागद करणाऱ्याला नोटेवर छापणारा देश दुसरा कुठे असेल असं वाटत नाही.

टास्मानियाची वर्तणूक-वही

न्यू साउथ वेल्समध्ये एका माणसासाठी दहा सूच्या चाळाव्या लागतात. टास्मानियात बरंचसं एका पानावर असतं. लायब्ररीज टास्मानियाच्या नामसूचीत नाव टाकलं की पानाचं चित्र समोर येतं, फुकट. कॉन म्हणजे कैदी खात्याच्या मालिका: पुरुषांच्या वर्तणुकीसाठी कॉन ३१ (१८४० च्या आसपासपर्यंत आलेले) आणि कॉन ३३ (त्यानंतरचे), बायकांसाठी कॉन ४० आणि कॉन ४१.

पान असं वाचा. माथ्यावर नाव, जहाज, खटला, शिक्षा. मग गुन्हा, आणि त्याच्याच पुढे ‘स्वतः सांगितलेला गुन्हा’. हे दोन जुळतात का ते बघा. इंग्लंडच्या कागदात एक मेंढी असेल आणि इथे तो स्वतः दोन म्हणत असेल, असंही होतं. मग तुरुंगाचा आणि हल्कचा अभिप्राय: ‘बरा’, ‘वाईट’, ‘पूर्वी तुरुंगात’. मग वर्णन. आणि मग बारीक, एकात एक घुसलेल्या अक्षरांत सगळं आयुष्य: तारीख, मालकाचं किंवा टोळीचं नाव, कागाळी, शिक्षा, मॅजिस्ट्रेटची आद्याक्षरं. दारू प्यायला, कोठडीत एकटा, भाकरी-पाण्यावर. मालकाला उलट बोलला, बेड्यांत सक्तमजुरी. परवानगीशिवाय गैरहजर, फटके. घाईने वाचलं तर माणूस अट्टल वाटतो. पण इथे फक्त तक्रारच लिहिली जाई. ज्या चार वर्षांत एकही ओळ नाही, ती वर्षं तो मुकाट राबला. कोरी जागासुद्धा वाचायची असते.

गोंदणाकडे पाहा. जहाजाचा नांगर, सूर्य, चंद्र, जलपरी हे सगळ्यांच्याच अंगावर. कामाची असतात ती अक्षरं. दंडावर ‘जे.एस., एम.एस., डब्ल्यू.एस.’ असं असेल तर आडनाव एकच असलेल्या आईबाप-भावंडांची किंवा बायकामुलांची ती आद्याक्षरं असण्याची शक्यता मोठी. इंग्लंडमधलं कुटुंब शोधताना ती बाप्तिस्म्याच्या वहीशी लावून बघायची. त्याच्या जोडीला टास्मानियाची इंडेंट (पुरुषांची कॉन १४, बायकांची कॉन १५) न विसरता काढा. १८४० नंतरच्यांत बऱ्याचदा आईबाप, भाऊ, बहिणी यांची नावं आणि त्यांचं गाव दिलेलं असतं. मी तर वर्तणूक-वहीच्याही आधी हेच पान उघडतो.

पश्चिम ऑस्ट्रेलियाचं काम त्या मानाने सरळ. प्रत्येक कैद्याला नंबर होता. नंबर सापडला की फ्रीमँटल तुरुंगाच्या आणि राज्य दप्तराच्या वह्यांतून माणूस नंबरानेच पुढे न्यायचा. शेवटचं जहाज ‘हौगोमाँट’, जानेवारी १८६८.

बायका, लग्नं आणि दोन-दोन नवरे

बायकांचा शोध अवघड, कारण लग्न झालं की नाव बदललं. पण शिक्षा चालू असताना लग्न करायचं तर गव्हर्नरची परवानगी लागे, आणि त्या अर्जांत दोघांची नावं, वयं, जहाजं आणि कैदी की स्वतंत्र ते येतं. टास्मानियासाठी कॉन ५२ बघा. मंजूर झालेला अर्ज म्हणजे लग्न झालंच असं नाही. चर्चची वही पाहिल्यावरच तारीख लिहा. आणि नामंजूर अर्ज जास्त बोलतो, कारण बहुधा कारण दिलेलं असतं: जहाजावरून उतरताना ‘विवाहित’ सांगितलं होतं!

इंग्लंडमध्ये नवरा जिवंत आणि इथे ‘विधवा’ म्हणून लग्न, हे सर्रास चाले. पुरुषांचंही तेच. नाकं मुरडण्यात अर्थ नाही, परतीचं भाडं कुणापाशी होतं? मात्र यामुळे इंग्लंडमध्ये मागे राहिलेल्या बायकोचा धागा सोडू नका. ती पॅरिशच्या गरीब-मदतीच्या कागदांत सापडते. काही बायका-मुलांना सरकारी खर्चाने वसाहतीत नेलंही गेलं. कफेची बायको मेरी ॲन १८५३ मध्ये होबार्टला त्याच्याकडे आली.

सुटल्यावर माणूस नाहीसा होतो तेव्हा

खरी कसोटी इथे. सरकारचं लक्ष उडालं की कागद संपले. १८५१ मध्ये व्हिक्टोरियात सोनं सापडलं आणि टास्मानियातले सुटलेले कैदी तिकडे धावले. त्यांना अडवायला व्हिक्टोरियाने १८५२ मध्ये कायदाही केला. साहजिकच लोकांनी नावं बदलली. टास्मानियात मृत्यू सापडत नसेल तर व्हिक्टोरियाची नोंदणी पाहा आणि आडनावाऐवजी आईचं माहेरचं नाव, जन्मगाव, पहिलं नाव असं फिरवून शोधा.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची ‘ट्रोव्ह’ ही वेबसाइट इथे हाताशी ठेवा. १८०३ पासूनच्या ‘सिडनी गॅझेट’सकट जुनी वर्तमानपत्रं त्यावर मोफत आहेत. पळालेल्या कैद्यांच्या याद्या, तिकिटं मिळालेल्यांची नावं, दारूच्या दुकानाचे परवाने, बायको घर सोडून गेल्यावर ‘तिच्या उधारीला मी जबाबदार नाही’ असं छापणारे नवरे. यंत्राने वाचलेला मजकूर चुकीचा असतो, तेव्हा नावाबरोबर गाव किंवा जहाज टाकून पुन्हा शोधा. पुण्यात-नाशकात बसून शोधणाऱ्यांसाठी आणखी एक सोय त्यावरूनच मिळते: लंडनच्या बऱ्याच मूळ कागदांचे, एच.ओ. ११ सकट, फिल्मवरून केलेले फोटो ऑस्ट्रेलियन जॉइंट कॉपिंग प्रोजेक्टमध्ये मोफत आहेत. पैसे भरून घेतलेल्या वंशावळीच्या वेबसाइटवर जाण्याआधी हे संपवा.

जमीन मिळाली असेल तर जमिनीच्या कागदांतून माणूस पुढची तीस वर्षं दिसत राहतो. ती जमीन आधी कुणाची होती, हे त्या कागदात लिहिलेलं नसतं. आदिवासींच्या त्या भागातल्या इतिहासासाठी वेगळं वाचावं लागतं, आणि वंशावळीत ते लिहायला हवं असं मला वाटतं.

म्हातारपणी एकटे पडलेले सुटलेले कैदी बरेचसे निराधारांच्या आणि अपंगांच्या सरकारी आश्रमांत गेले. १८५६ मध्ये माफी मिळूनही कफे टास्मानियातच राहिला, शिवणकाम आणि राजकारण दोन्ही चालू ठेवलं आणि १८७० मध्ये होबार्टच्या ब्रिकफील्ड्स आश्रमात वारला. अशा संस्थांच्या भरतीच्या वह्यांत पुन्हा एकदा जहाजाचं नाव लिहिलेलं असतं. चाळीस वर्षांच्या कोऱ्या जागेनंतरही माणूस जुळतो तो त्यामुळे. म्हणून मृत्यूचा दाखला मिळत नसला तर नाव, वय आणि जहाज घेऊन आधी या वह्या बघा, आणि मगच दफनभूमीच्या याद्यांकडे वळा.